परक्या उंबऱ्यावरची भिक्षा

गुरुपादप्पांनी फॉरेनला जायचं जाहीर केलं, तेव्हा लातूरच्या भुसार लाइनीत दुसरा विषयच उरला नाही. कुणी म्हणालं लंडन, कुणी म्हणालं सिंगापूर. शेवटी शेजारच्या आडतीवरच्या व्यंकटरावांनी चहा पिता पिता विचारलंच, "आप्पा, नेमकं कुठं म्हणायचं?"

"नेपाळ."

"हात्तिच्या! ते कुठलं फॉरेन? तिथं पासपोर्ट बी लागत न्हाई."

"राजा दुसरा, नोटा दुसऱ्या, आन घड्याळ धा मिनटं पुढं. फॉरेन न्हाई तर काय रेणापूर हाय व्हय?"

सगळी लाइन हसली. आप्पाही हसले. लातूर जिल्हा झाल्यापासून त्यांचा आवाज असाच एक पट्टी चढला होता. उस्मानाबादच्या फेऱ्या संपल्या, कलेक्टर आपल्या गावात बसायला लागला, आणि जणू आपणही एक पायरी वर चढलो असं त्यांना वाटायचं. त्या वर्षी मात्र पावसानं पाठ फिरवली होती. आडतीत माल येत नव्हता, नळाला पाणी येत नव्हतं. रिकाम्या गोणपाटावर बसून माशा मारण्यापेक्षा जुन्या राजांचे वाडे-महाल बघून यावेत, असं थोरल्या मुलानं, मल्लिकार्जुनानं सुचवलं. त्याचं लग्न नुकतंच झालं होतं. सून महानंदा उदगीरची, कॉलेजात इतिहास शिकलेली. तिनं पुस्तकातून गावं काढली आणि एका संध्याकाळी सगळ्यांना वाचून दाखवली. काठमांडू, पाटण, भक्तपूर.

आप्पांची बायको सिद्धम्मा गहू निवडत बसली होती. भक्तपूर म्हटल्यावर तिचा हात सुपात तसाच थांबला.

"काय झालं, आत्याबाई?" महानंदानं विचारलं.

"काही न्हाई. जाऊ या की," सिद्धम्मा म्हणाली.

घरातली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. ही बाई कधी 'जाऊ या' म्हणालेली कुणाला आठवत नव्हतं. पहाटे उठावं, अंघोळ करावी, तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा करावी, पूजा होईस्तोवर पाण्याचा थेंब तोंडात घेऊ नये, बोलू नये. मग पहिली भाकरी तव्यावरून उतरली की तिचा चतकोर बाजूला काढावा आणि दारात येईल त्या जंगमाला नाहीतर गाईला घालावा. हे तिचं जग. चतकोर कुणाच्या नावाचा, हे एकट्या आप्पांना ठाऊक होतं. तेही त्याबद्दल बोलत नसत.

तो चतकोर चन्नूच्या नावाचा होता.

सिद्धम्माचं माहेर देगलूरचं. घरात कानडी, बाजारात मराठी, वर तेलगूचा शिडकावा. ती मोठी झाल्यावर, मागं-पुढं कुणी भावंड नसताना, तिच्या आईला, गुरम्माला, उतारवयात मुलगा झाला. आईच्या अंगात ताकद नव्हती. चन्नू वाढला तो सिद्धम्माच्या कडेवर. ती लग्न होऊन लातूरला निघाली, तेव्हा चार वर्षांचं ते पोर बैलगाडीमागं पार वेशीपर्यंत पळत आलं होतं, "अक्का, अक्का" करत.

मग बहात्तरचा तो मोठा दुष्काळ आला. देगलूरची बाजारपेठ ओस पडली. वडिलांचं, बसलिंगप्पाचं तेला-पेंडीचं दुकान बंद झालं. लोक खडी फोडायला गेले, रेशनवरच्या तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरी खाऊ लागले. त्या साली कर्नाटकातले एक वृद्ध स्वामी देगलूरच्या मठात उतरले होते. त्यांना सेवेला एक मुलगा हवा होता. त्यांनी बसलिंगप्पाला एवढंच सांगितलं, "पोरगं दोन येळ जेवेल. चार अक्षरं शिकेल." बसलिंगप्पानं होकार दिला. सिद्धम्मा तेव्हा लातूरला बाळंतीण होती. तिला कळलं तेव्हा स्वामी चन्नूला घेऊन काशीच्या वाटेला लागले होते. ती माहेरी आली तर फडताळात चन्नूची पितळी उपडी घातलेली होती. आई चुलीपाशी बसून होती. पुढं कितीतरी वर्षं गुरम्मा एकच वाक्य बोलत राहिली, "लेकरू निघालं तवा घरात पीठ नव्हतं गं. उपाशी गेलं." तेच बोलत ती गेली.

काशीहून येणाऱ्या जंगमांकडून तुटक खबर मिळायची. चन्नूनं विरक्त दीक्षा घेतली. त्याचं नाव आता शांतवीर. तो नेपाळात, भक्तपूरच्या एका जुन्या मठात असतो.

तिला त्याला परत आणायचं नव्हतं. दीक्षा घेतलेल्याला परत आणत नाहीत, एवढं तिला कळत होतं. फक्त एकदा, आपल्या हातची गरम भाकरी त्याच्या पोटात जावी. तेरा वर्षं गाईला घातलेला चतकोर एकदा ज्याच्या नावाचा त्याला मिळावा. म्हणून तिनं पिशवीत तवा घेतला, शेंगदाण्याची चटणी घेतली आणि पेवातल्या जुन्या मालदांडी ज्वारीचं पीठ फडक्यात बांधून घेतलं.

"आई, तिकडं काय चूल मांडायचीय का?" मल्लिकार्जुन म्हणाला.

"असू दे रे. परमुलखात भाकर मिळती का?"

*

काठमांडूत आप्पांनी मनसोक्त हिंडून घेतलं. प्रत्येक गोष्ट ते लातूरच्या मापानं मोजत. राजवाड्याच्या चौकात उभं राहून म्हणाले, "आपल्या गंजगोलाईत हे बसंल का गं?" पाटणच्या दगडी देवळापुढं महानंदा शिखरांबद्दल, मल्ल राजांबद्दल सांगत होती. तीन भावांनी तीन राज्यं वाटून घेतली आणि चढाओढीनं महाल बांधले, असं ती म्हणाली. आप्पांनी मान डोलावली. "भावाभावांतली भांडणं अशी पायजेत. मागं काहीतरी उरतं. आपल्याकडं बांधावरनं भांडत्यात, मागं नुसती बाभळ उरती."

सिद्धम्मा सगळं बघत होती. लाकडात कोरलेले मोर, पितळी दारं, सोनेरी छपरं. बघायची आणि हात जोडायची. पण तिचं बघणं उतावळ्या पाहुण्यासारखं होतं, ज्याचं लक्ष पुढच्या स्टेशनाकडं असतं. रोज सकाळी ती महानंदाला विचारायची, "भक्तपूर आज का उद्या?"

भक्तपूरला ते दुपारी पोचले. विटांचं गाव. रस्ता विटांचा, भिंती विटांच्या, चौकात कुंभारांनी मडकी वाळत घातलेली. बायांची लुगडी काळी आणि काठ तांबडे. एक म्हातारी उन्हात लाल मिरच्या पसरत होती. पाठमोरी बघून सिद्धम्मा दोन पावलं तिच्याकडं गेली. गुरम्मा सणाला अशीच काळी चंद्रकळा नेसायची.

महानंदा सगळ्यांना पंचावन्न खिडक्यांचा महाल दाखवायला घेऊन निघाली. सिद्धम्मानं आप्पांच्या सदऱ्याची बाही धरली. "मठ," ती म्हणाली. एवढंच.

मठ एका बोळात होता. दारावर दगडी नंदी, आत चौक, चौकात विहीर. ओसरीवर घोंगडी टाकून थोरले स्वामी बसले होते, वयानं वाकलेले. त्यांच्याजवळ भगव्या वस्त्रातला एक तरुण बेलाची पानं निवडत होता. उंच, दाढी राखलेला, बरगड्या दिसाव्यात असा हडकुळा. तो पान निवडताना ओठ दुमडत होता. तसे ओठ चन्नू दुमडायचा.

सिद्धम्मा उंबऱ्यातच थिजली. तिला रीत माहीत होती. विरक्ताला मागचं नातं नसतं. त्याला भाऊ म्हणायचं नाही, त्याच्या पायांवर डोकं ठेवायचं. जिनं त्याला न्हाऊ-माखू घातलं तिनंही. वाटेनं तिनं मनाला शंभरदा बजावलं होतं.

पण आप्पांना कुठं काय? इतक्या वर्षांनी आपलं माणूस दिसल्यावर त्यांना भरून आलं, आणि भरून आलं की त्यांचा आवाज मोठा व्हायचा.

"काय मेव्हणे! वळखलं का न्हाई? लई वाळलात की हो! आवं, बहीण आलीया तुमची, लातूरहून!"

तरुणाच्या हातातलं पान खाली पडलं. तो उठला, कुणाकडंही न बघता आत गेला. विहिरीच्या बाजूला घागर बुडाल्याचा आवाज आला. मग अंगावर पाणी ओतल्याचा.

आप्पांचं तोंड उतरलं. "मी काय वंगाळ बोललो?"

"बसा," थोरले स्वामी कानडी वळणाच्या मराठीत म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "नातं कानावर पडलं की आमच्यात स्नान करतात. त्याचं काही मनाला लावून घेऊ नका. कुठले तुम्ही?"

"लातूर जिल्हा," आप्पा पुटपुटले.

"लातूर? उस्मानाबाद जिल्हा ना तुमचा?"

"आता लातूरच जिल्हा हाय, महाराज." या वेळी मात्र त्यात अभिमान नव्हता.

सिद्धम्मानं पुढं होऊन नमस्कार केला. पदराखालची पिशवी पुढं सरकवली. "महाराज, पीठ आणलंय. चुलीला जागा मिळाली तर दोन भाकरी करते. लई न्हाई. दोनच."

स्वामींनी पिशवीकडं पाहिलं आणि मान हलवली. "माय, नातं सांगून आणलेलं अन्न त्याला चालत नाही. त्याचा नेम आहे. पूजेनंतर झोळी घेऊन निघतो, गल्लीत जे मिळेल तेच. इथं आपले लिंगवंत कुणी नाहीत, म्हणून लोक कोरडे तांदूळ घालतात. मग तो स्वतः शिजवतो. शिजलेलं त्यानं दुसऱ्याच्या हातचं खाल्लं नाही, इथं आल्यापासून."

"आल्यापासून?"

"कुणाच्या हातचं खाणार?"

सिद्धम्मानं पिशवी उचलली आणि पुन्हा नमस्कार करून ती वळली. ती दारापर्यंत गेल्यावर स्वामी मागून म्हणाले, जणू विहिरीशी बोलत होते, "भिक्षा दारात मिळते. दार कुणाचं, हे झोळीवाला विचारत नाही. हात लिंगवंताचा आहे का, एवढंच विचारतो."

*

मुक्काम भक्तपूरलाच होता. दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आत टॅक्सी करून नगरकोटला जायचं आणि सूर्योदयाला हिमालयाची रांग बघायची, हे मल्लिकार्जुनानं लातूरहूनच ठरवलं होतं. आई येणार नाही, येता येता तिला घ्यायचं, असं ठरल्यावर तो चिडला.

"आई, एवढ्या लांब आलो ते हिमालय बघायला. आन तू म्हणतीस मी न्हाई येत?"

"तुमी बघून या. माझ्या वाटचा बी बघा."

"अगं, डोंगर कुणाच्या वाटचा बघता येतो का?"

"मल्लू, गप बस," आप्पा म्हणाले. दुपारपासून ते कमीच बोलत होते. मग सिद्धम्माकडं न बघता म्हणाले, "मी बी थांबलो असतो. पर माझं तोंड दिसलं की पुना त्याला अंघोळ करावी लागायची."

महानंदाला हसू आलं, आणि लगेच डोळ्यांत पाणीही. तिला आता सगळं कळलं होतं. ती संध्याकाळी सासूबरोबर बोळात गेली. भिक्षा घालायला एखादं दार शोधायचं होतं. मठाच्या पुढचंच दार. पाठीवर गवताचा भारा घेतलेली, काळ्या लुगड्यातली एक बाई नेमकी तो तिथं उतरवत होती. महानंदानं कॉलेजातली हिंदी काढली, सिद्धम्मानं हातवारे काढले. झोळी, घंटा, भाकरी, तवा. बाई ऐकत राहिली. 'भाई' हा शब्द तिला कळला. तिनं एकदा मठाच्या दाराकडं बघितलं, एकदा सिद्धम्माच्या तोंडाकडं, आणि तिच्या दंडावर हात ठेवून होकाराची मान हलवली.

"आत्याबाई, उद्या त्यानं दुसऱ्याच दाराला झोळी धरली तर?" परतताना महानंदानं विचारलं.

"तर भाकरी गाईला," सिद्धम्मा म्हणाली. पण बोलताना तिचा पाय विटेला अडखळला.

*

सकाळी टॅक्सी गेली. सिद्धम्मानं अंघोळ उरकली, लिंगपूजा केली. पाणी मात्र प्यायली नाही. भिक्षा घातल्यावर पिऊ, असं मनाशी ठरवून ती बोळात आली. काळ्या लुगड्यातल्या बाईनं दारापुढच्या गोल दगडावर फुलं आणि तांदूळ वाहिले होते. तो दगड ओलांडायचा नाही, हे सिद्धम्माला कुणी सांगावं लागलं नाही. ती बाजूनं आत गेली. बाईनं दाराच्या आतल्या अंगाला, भिंतीआड, मातीची शेगडी पेटवून ठेवली होती. सिद्धम्मानं तवा ठेवला.

पीठ जुनं झालं होतं. लातूर सोडून इतके दिवस झालेले, त्याची विरी गेली होती. पहिली भाकरी थापताना मधोमध फाटली. दुसरी कडेनं फाटली. सिद्धम्माच्या कपाळावर घाम आला. अशी फाटकी भाकरी त्याच्या झोळीत? तिनं बाईकडं खुणेनं आधण मागितलं. उकळत्या पाण्यात पीठ भिजवलं, चटके सोसत मळलं, मळत राहिली. या वेळी भाकरी हातावर फिरली. तव्यावर पडली, वरून पाणी फिरलं, उलटली, निखाऱ्याशी उभी केली आणि टम्म फुगली. बाईनं टाळी वाजवली. भाकरी फुगणं तिनं पहिल्यांदाच पाहिलं असावं.

तेवढ्यात घंटा ऐकू आली. गुडघ्याखाली बांधलेली घंटा. पाऊल पडलं की वाजायची, थांबलं की थांबायची. वाजत, थांबत, वाजत ती जवळ आली.

सिद्धम्मानं पदर डोक्यावरून पुढं ओढला. भाकरीवर चटणी ठेवली आणि उंबऱ्याशी उभी राहिली. मान खाली. तिला फक्त विटा दिसत होत्या, मग दोन अनवाणी पाय दिसले. टाचा भेगाळलेल्या. डाव्या पायाचं करंगळीशेजारचं बोट वाकडं, दगडाची ठेच लागून तिच्याच देखत वाकडं झालेलं.

झोळी पुढं आली. त्यात मूठभर तांदूळ होते. सिद्धम्मानं भाकरी पुढं केली. वाफ दोघांच्या मधे वर चढली. झोळी थोडी मागं सरकली.

"लिंग?" त्यानं विचारलं.

आवाज पुरुषाचा होता. तिनं तो कधीच ऐकला नव्हता. ती जाताना तो बोबडा होता, नंतर माहेरी ऐकला तोही आवाज फुटायच्या आतला. तिनं तोंड उघडलं असतं तर त्यातून एकच शब्द बाहेर पडला असता, आणि मग त्याला पुन्हा विहिरीवर जावं लागलं असतं. तिनं पदराआडून गळ्यातली लिंगाची चांदीची डबी बाहेर काढून तळहातावर धरली. त्या हाताची बोटं पिठानं माखलेली, आधणानं लाल झालेली.

शेजारच्या दारांत बाया ओंजळीत तांदूळ घेऊन उभ्या होत्या. एक पोरगी आतून आईला हाका मारत होती.

झोळी पुढं आली. सिद्धम्मानं भाकरी आत ठेवली. हात मागं घेतला. डोकं टेकायला वाकली, तर पाय मागं सरकले नाहीत. तिनं दोन बोटांनी त्या वाकड्या बोटाला स्पर्श केला, मग उठली.

आता तो पुढच्या दाराला जाणार. झोळीवाला एका दाराशी एकदाच मागतो, मिळालं ते घेतो आणि वळतो. देगलूरपासून नेपाळपर्यंत हीच रीत. सिद्धम्मानं डोळे मिटून घेतले. तिला घंटा वाजायची वाट बघायची नव्हती, तरी ती बघत होती.

घंटा वाजली नाही.

तिनं डोळे उघडले. झोळी तिथंच होती, दोन्ही हातांनी तशीच उघडी धरलेली. आत तांदळावर भाकरी, आणि भाकरीशेजारी रिकामी जागा. तो तिच्याकडं बघत नव्हता. त्याची नजर झोळीतल्या त्या रिकाम्या जागेवर होती, आणि ओठ दुमडलेले होते.

बोळाच्या तोंडाशी टॅक्सीचा हॉर्न वाजला. एकदा, मग दोनदा. मल्लिकार्जुनाचा आवाज आला, "आई! चल लवकर, ढगच होते, काही दिसलं न्हाई!" आणि पाठोपाठ आप्पांचा दबका, दटावणारा आवाज.

सिद्धम्मा वळली. भिंतीआड शेगडीपाशी बसली. फडक्यात उरलेलं सगळं पीठ तिनं परातीत ओतलं, त्यात आधण घातलं, हात भाजतोय हे तिच्या लक्षातही आलं नाही. ती भाकरी थापू लागली. थाप, थाप, थाप. मधेच थांबायची, बाहेर कान द्यायची. बोळात सगळं गप्प होतं. घंटा हलत नव्हती. ती पुन्हा थापू लागायची.